मुरुडशेंगेची बाटली

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय आसारामभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज आपला निरोप घेणारे डॉ. मच्छिंद्र ठुबे, सहकारी अध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

मी शरीररचना शिकवणारा माणूस. माझा संबंध न बोलणाऱ्यांशीच जास्त, तेव्हा सांभाळून घ्या.

भाऊ आत्ता म्हणाले की ठुबे सर प्रकृतीच्या कारणाने जात आहेत. त्यांच्या प्रकृतीला काहीही झालेलं नाही, भाऊ. जे झालं ते तिसगावला झालं.

सरांचा प्रयोग तुम्ही पाहिला आहे. सशाच्या आतड्याचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात टांगायचा. तो आखडला, सैलावला की काजळी धरलेल्या कागदावर काडी रेघ ओढते. पेटके आणणारं औषध घातलं की रेघ उसळते, आणि वर मुरुडशेंगेचा अर्क पडला की सपाट होते. ती सपाट रेघ पाहून, पोटदुखीवर औषध सापडलं म्हणून आपण पेढे वाटले. एकटे सर म्हणाले, "हे काचेतलं आतडं आहे. माणसाचं पोट कशानं दुखतंय, हे काच सांगत नाही."

ऐकतंय कोण? दुष्काळ पडलेला. तिसगावला खडीच्या कामावर बायाबापड्या पोट धरून बसत होत्या. सर नको नको म्हणत राहिले आणि आपली जीप त्या अर्काच्या बाटल्या घेऊन गेली.

तिथं चांगुणा नावाच्या बाईनं औषध घेतलं. कळ थांबली, ती पुन्हा हातोडा घेऊन बसली. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. पण दुखतच नाही म्हटल्यावर नगरच्या दवाखान्यात कशाला येईल? आणली तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली.

पुढं तिची सासू आक्काबाई आपल्या कॉलेजात आली. मी तिथंच होतो. वाटलं, आता ही शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या हो! तिनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, "तुमी देवमानूस हाय. माजी सून गेली, पर तुमच्या औषधानं तिची कळ तरी थांबली. आता धाकटीच्या बी पोटात लई कळ हाय. एक बाटली द्या."

सरांनी बाटली दिली नाही. धाकटीला दवाखान्यात न्यायला लावलं. साधा मुरडा निघाला, बाटलीनं बरा झाला असता. पण ते आधी कोणाला कळणार होतं?

तेव्हापासून सर प्रत्येक बैठकीत एकच मागत होते, बाटल्या बंद करा. भाऊ, बाटल्या अजून जातात, म्हणून सर चालले आहेत. शाल घालण्याआधी एवढं थांबवता आलं तर पाहा.

मला बोलू दिलंत, संस्थेचा मी ऋणी आहे. चांगल्या प्रसंगी नको ते बोलून गेलो, लहान तोंडी मोठा घास झाला असेल, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. ठुबे सर, तुमचे आभार मात्र मी मानत नाही. आक्काबाईनं मानले, तेव्हाचा तुमचा चेहरा मी पाहिला आहे.