माझ्या नावाचा भोपळा

तुम्ही मघाशी विचारलंत ना, बिल्डिंगच्या लॉबीत पोरांनी एवढे भोपळे कोरून ठेवलेत आणि तुम्ही मान खाली घालून का जाता, तर त्याचं मूळ आमच्या गावात आहे, संगमेश्वर तालुक्यात, एसटी सोडली की पुढं चालतच जायचं. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. सुतार माणूस, हात असा स्थिर की काय सांगू तुम्हाला, आणि तोंड तितकंच वाईट. दादा थोरला, मग शालू, मग मी वसंत, आणि आई.

गणपती गेले की गोठ्याच्या छपरावरच्या वेलाला भोपळे धरलेले असायचे, मुठीएवढे, कोवळे. आबा शिडी लावून वर चढायचे आणि खिळ्याने एकेका भोपळ्यावर एकेकाचं नाव कोरायचे, आम्हा तिघांची तीन. भोपळा वाढतो तसं नावही वाढतं हो, जखम भरून येते आणि अक्षरं खरखरीत वर येतात. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून पहिला वर चढायचो आणि माझ्या नावावरून बोट फिरवायचो. आबांनी माझं नाव काढलंय याचाच आनंद, लहान होतो ना.

मग खंडेनवमी. आबांची करवत, रंधा, पटाशा सगळी धुऊन पुसून मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, आणि पुढ्यात ते तीन भोपळे. हत्यारांपुढं कोहळा नाहीतर भोपळा कापतात, बळी म्हणून, ते सगळीकडेच आहे, पण आमच्याकडे आबा आधी कोर्ट भरवायचे. वर्षभरात कोण काय चुकलं ते एकेक सांगायचे, शेजारचे लोक मुद्दाम ऐकायला यायचे, हसायचे, आणि शेवटी ज्याचं माप भरलं त्याच्या भोपळ्यावर कोयता. ज्याचा फुटला त्यानं मोठ्यानं म्हणायचं, मेलो. त्याच भोपळ्याचे आई घारगे करायची, सगळी पंगतीला बसायची, आणि जो मेला त्यानं वाढायचं, सगळ्यांचं झालं की मग त्याला, गार झालेले, तळाचे. शालू पोरीची जात म्हणून सुटायची, दादा दादा म्हणून सुटायचा. राहिला कोण? मला घारग्याचं एवढं नव्हतं हो, मला एकदा त्या पंगतीत आबांच्या शेजारी बसायचं होतं, हाताला चटका बसेल असा गरम घारगा ताटात पडेल तेव्हा. एवढंच पाहिजे होतं मला, दुसरं काही नाही.

एका वर्षी मला खात्री होती. दादाने आबांचा रंधा फोडला होता, जुना, आजोबांचा, आणि मी त्या वर्षी वर्गात पहिला, शिवाय पावसाळाभर आबांच्या मागं फळ्या वाहिलेल्या. मी आंघोळ करून पाटावर आधीच जाऊन बसलो, आबांच्या पाटाला लागून. आबांनी रंध्याचं सगळं सांगितलं, कोयता दादाच्या भोपळ्यावर धरला, आणि मग माझ्याकडे बघून हसले आणि माझा फोडला. म्हणाले थोरल्याचा कापतात होय रे, ऊठ तिथनं. लोक असे हसले, असे हसले. आईसुद्धा हसली. मी म्हणालो, मेलो. मग वाढायला उठलो.

नंतर मुंबईला एसीचं काम शिकलो आणि इथे आखातात आलो, आधी देराला एका रूममध्ये आठ जण, मग सुपरवायझर झालो, लग्न झालं, आता इथे ऊद मेथाला फ्लॅट, बायको सुनीता आणि मुलगी इरा, दहा वर्षांची. आई गेली तसा दादा फोनवर म्हणाला, आबांना चार दिवस ने रे तिकडे, इथे कोणी बघायला नाही. ते चार दिवस चाललेत अजून. आबांची मेमरी खलास झाली आहे. मला साहेब म्हणतात. हा फ्लॅट त्यांना लॉज वाटतो आणि मी मॅनेजर. मी त्यांना आंघोळ घालतो, दाढी करतो, आणि ते म्हणतात साहेब तुमची सर्व्हिस चांगली आहे, माझा थोरला आला की पैसे देईल. थोरला फोनसुद्धा करत नाही, पण ते कोणी सांगायचं.

तर आता परवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, इराने सुपरमार्केटमधून भोपळा आणला, पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशेच्या घरात गेले हो आपले, गावाला असले भोपळे गुरं खायची. आबांपुढं ठेवला आणि म्हणाली आजोबा, कॅन यू राइट माय नेम? मी उठलोच, आबांच्या हातात सुरी नको म्हणून, तर सुनीता म्हणाली असू दे ना, इतकी आनंदात आहे पोर. आबांना घास तोंडात घालावा लागतो, चहाचा कप सांडतो. पण सुरी हातात आली आणि हात स्थिर झाला, जुन्यासारखा. एकेक अक्षर काढलं, सरळ रेषेत, वसंत.

इरा नाचायला लागली. बाबा, दॅट्स युअर नेम, ही रिमेंबर्स यू!

मी खाली बसलो आणि विचारलं, आबा, हा वसंत कोण? तर म्हणाले, आहे एक धाकटा, याचाच कापायचा असतो. साहेब, कोयता आहे का लॉजवर?

कोयता कुठला इथे. मी किचनमधली मोठी सुरी आणली, आबांना जोर नव्हता म्हणून त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, आणि कापला. इरा म्हणाली, व्हाय आर यू क्राइंग?

सुनीताने घारगे केले. सगळ्यांना जमिनीवर बसवलं, आबा हटूनच बसले होते खाली बसायला. मी वाढायला घेतलं, सवय आहे, दुसरं काय. तर आबांनी माझा हात धरला, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाले, साहेब, तुम्ही का उभे, तुम्ही बसा माझ्याजवळ, वाढायला तो वसंत आहे की.

मग बसलो. सुनीताने कढईतला घारगा थेट माझ्या ताटात टाकला, चटका बसला हाताला. आबा म्हणाले गरम आहे तोवर खा. खाल्ला. आता ते साहेब म्हणून हाक मारतात आणि मी ओ देतो, त्यांची चूक दुरुस्त करायला मी आता जाणार नाही.