आठवडा बुधवारपासून

भिलाईच्या सेक्टर दहाची बस सुटली अन् सत्यभामाबाईंचे कान पुढच्या सीटला चिकटले. तिथं प्लांटच्या खाकी कपड्यातला बाप अन् कॉम्प्युटर शिकणारी त्याची लेक बसली होती.

"बाबा, कॉम्प्युटरच्या कॅलेंडरमधून मी महिना काढला, नुसता आठवडा ठेवला. वारावर क्लिक केलं की माझ्या ट्यूशनचे क्लास दिसते."

"मंग कॉम्प्युटरचे सर खुश झाले असतीन?"

"हसून राहिले होते. मी आठवडा बुधवारपासून सुरू केला ना."

"बुधवारपासून कावून व?"

"मंगळवारी तुमचा ऑफ राहते. आपल्या घरी तोच संडे!"

"अवं, दुनियेचा संडे संडेलेच येते!"

"सर भी यही बोले. सुधारो इसको."

"सुधार मंग. माझा ऑफ तर आता शुक्रवारी होऊन राहिला."

"मालूम आहे. म्हणून तर बटन बसवलं. तुमचा ऑफ बदलला की आठवडाही सरकते. अन् ऑफच्या दिवशी एकबी क्लास नाही ठेवला."

"मंग त्या दिवशी करशील काय?"

"तुमच्यासंग भजे खाईन."

आता मात्र सत्यभामाबाईंना राहवलं नाही. त्या पुढं वाकल्या.

"पोरी, आमच्या घरी यांचा ऑफ सोमवारी अन् लेकाचा गुरुवारी. आमचा संडे कुठं बसते, तेवढं पाहून दे न व!"