धाकटीचा नमुना

विद्यापीठाच्या नव्या सामायिक प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. ओळखपत्रांच्या रांगेत माझ्यापुढे एक प्राध्यापक बाई आणि त्यांचे जुने तंत्रज्ञ उभे होते.

“काका, आज रजा घ्यायची होतीत.”

“घरी बसून काय करू, बाई? नमुने खरंच सगळे गेले?”

“सगळे. सातही विभागांचे फ्रीजर इथे आणले आणि शनिवारी वीज गेली. जनरेटर जोडलेलाच नव्हता.”

“असं कसं?”

“निधी मुदतीत संपवायचा होता ना! आधी दर्शनी काचा, मग बाकीचं. मी दोनदा लिहून दिलं होतं. तरी शेवटी फ्रीजर हलवायच्या कागदावर सही केली.”

“वरून दबाव आला असेल.”

“आला. पण सही माझीच आहे, काका.”

“त्यात आमच्या धाकटीचं रक्त होतं. तिच्या आजारावर औषध निघालं तर यातूनच निघेल, म्हणाला होतात. ती गेली तेव्हा मी तिच्या आईला तेच सांगून सावरलं.”

“मी येते घरी. काकूंना मीच सांगते.”

“नको, बाई. ती रोज विचारते, काम कुठवर आलंय. आजही विचारेल. मी म्हणेन, चालू आहे.”