गहू बदलून पाहिला

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात हिमानीचा नंबर अकरावा होता. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या आणि नको म्हटलं तरी तिचे कान तिकडेच जात होते.

"सुभद्रा, तू काहून आली वं इथं?"

"काय सांगू शोभाताई, अंगात दमच राहत नाही. मडक्यावर टाकायची लांब रोटी हातावर ताणायले गेली का मधातच फाटते. गहू बदलून पाहिला, चक्की बदलली."

"गव्हाले काय दोष देतं वं? पन्नाशीले आलो आपण. जोर कमी होतेच. मले डॉक्टरनं तेच समजावलं."

"सासूची रोटीबी अशीच फाटे. मी तिले पाहुण्यायसमोर चुलीवरून उठवलं होतं. म्हटलं, कामाचा कंटाळा करते बुढी."

"मंग? काय म्हणे सासू?"

"काही नाही. म्हणे, यंदा गहूच खराब आला, पोरी."