एल्डनचे पंधरा घोडे

"हॅलो?… कोण, लॉवेल? बरं झालं तूच केलास… नाही, स्पर्धेच्या जेवणाला कोबी किती चिरायचा ते मग बघू. अरे, कोबी राहू दे! मी सांगून टाकलं… काय म्हणजे? मोटरचं!… एल्डनला, आणखी कोणाला? आत्ता, नाश्त्याला बसला होता तेव्हा."

वांडाने फोन खांदा आणि हनुवटी यांच्यात धरला आणि तव्याखालचा गॅस बंद केला. तव्यातला पॅनकेक एका बाजूने काळा झाला होता. फ्रिजवरच्या फळीवर धुळीत सहा स्वच्छ गोल दिसत होते. आज सकाळपर्यंत तिथे सहा कप होते, तळ्यावरच्या वार्षिक मासेमारी स्पर्धेचे, सगळे तिच्या नवऱ्याचे, एल्डनचे.

"मग काय करणार होते मी? ती नवी अधिकारी बाई आज स्पर्धेआधी पलीकडच्या काठाला, होड्या उतरवतात त्या उतारावर उभी राहणार आहे. म्हणते, झाकण बघणार नाही, मोटरीवरची पट्टी वाचणार… हो, प्रत्येकाची. दहाच्या वर एक घोडा निघाला तरी होडी पाण्याबाहेर… मला वाटलं, चारचौघांत कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. म्हटलं, एल्डन, तुझ्या साठीला मी दिलेली मोटर नऊ पॉइंट नऊची नाही, पंधराची आहे. वरचं झाकण तेवढं नऊ-नऊचं. लॉवेलने बसवलंय… हो, घेतलं तुझं नाव. का घेऊ नको? भाऊ आहेस म्हणून?"

तळं लहान, म्हणून मर्यादा दहा अश्वशक्तीची. नऊ-नऊची मोटर आणि पंधराची मोटर बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. फरक झाकणावरच्या आकड्याचा. आणि झाकण चार खटक्यांत निघतं. त्या तळ्यावर असं कोणी करत नाही, असं प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत सांगत असे.

"ओरडला? ओरडला असता तर बरं झालं असतं रे. काटा खाली ठेवला आणि म्हणाला, 'पंधरा?' बस्स. मग टोपी घातली, सहाही कप माशांच्या बादलीत भरले आणि होडी सोडली… कप ओरव्हिलला द्यायला! सगळ्यांसमोर, आठला सुरुवातीचा भोंगा व्हायच्या आधी."

ओरव्हिलचं नाव घेताना तिचा आवाज उतरला. नऊ वर्षांपूर्वी ओरव्हिलच्या मोटरीची पट्टी एल्डननेच वाचली होती, गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून, मोठ्याने. ओरव्हिलची होडी तो अख्खा उन्हाळा अंगणात पालथी पडून होती. तेव्हापासून कोणाला संशय आला की माणसं म्हणत, एल्डनला बोलवा. एल्डनने तळ्यावरची एकच मोटर कधी तपासली नव्हती. बायकोने दिलेल्या भेटीचा नंबर कोण वाचतो?

"नाही रे, आजही नाही वाचली! मी म्हटलं, एकदा बघ तरी. तर म्हणतो, तू सांगतेस म्हणजे असणारच… लॉवेल, तू हसतोयस का?… मग खोकतोयस कशाला इतका?"

"…मला काय हौस होती? तुला आठवतं ना, दर शनिवारी हा शेवटचा. मासे लागतात त्या बुडालेल्या ओंडक्यांपाशी ओरव्हिल आधीच गळ टाकून, सँडविच खात बसलेला. आणि घरी येईपर्यंत ह्याचं तोंड पडलेलं. वीस वर्षं बघितलं ते तोंड! म्हटलं, एकदा तरी पहिला पोचू दे… एकदा म्हटलं होतं मी, बारा वर्षं नाही! आणि वर ती भाषणं. पंख्याचा कोन, तळाला मेण, बॅटरी पुढे सरकवली की होडीचं नाक कसं बसतं. क्लबात फळ्यावर आकृत्या काढायचा, आणि मी मागे विणत बसायचे. मनात म्हणायचे, बोल बाबा बोल, त्यातले पाच घोडे माझे आहेत."

"काय?… परत बोल… ऐकू आलं रे, तरी परत बोल."

वांडा एल्डनच्या खुर्चीत बसली.

"मिळाली नाही म्हणजे काय? मी तुला पंधराची आण म्हटलं होतं… आणि तू नऊ-नऊचीच आणलीस. तिच्याच झाकणासकट. आणि वर मला सांगितलंस, 'वांडा, काम फत्ते'… वाढदिवस दोन दिवसांवर आला म्हणून? बरं, सांगणार होतास. कधी?… तो पहिल्याच शनिवारी पहिला आला म्हणून नाही सांगितलंस? मी इतकी खूश होते म्हणून? अस्सं."

"शपथ घे… आईची नको, ती गेली, तिला आता काय होणार आहे? कुत्र्याची घे… हं. घेतलीस. म्हणजे खरं आहे."

"पण मग तो पुढे कसा जायचा?… मेणाने काय होतंय रे… काय? त्या उन्हाळ्यापासून मी काय?… हो, त्याच वर्षी मी काठावर मासे तोलायच्या तराजूपाशी बसायला लागले, गुडघे वाकत नव्हते माझे. त्याआधी पुढच्या फळीवर मीच असायचे. मग?…"

तिला फळ्यावरची आकृती आठवली. चौदा फुटी पत्र्याची होडी आणि मागे दहाच्या आतली मोटर. एकच माणूस असेल तर होडी आधी नाक उचलते, मग ते टेकवून पाण्यावर घसरत सुटते. दुसरं माणूस बसलं की नाक वरचं वरच राहतं आणि होडी नांगरासारखी पाणी उलटवत बसते. एल्डनने हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. दुसऱ्या माणसाच्या जागी तो नेहमी वाळूची गोणी काढायचा.

"मेल्या! म्हणजे पाच घोडे मीच का?… वजन काढू नकोस… एकशे साठ पौंड… बरं, एकशे पंचाहत्तर. पण ते हिवाळ्यात!… म्हणजे त्याचं फळ्यावरचं सगळं खरंच होतं. आणि मी बारा वर्षं मागे बसून मनात हसतेय. आणि आज नाश्त्याला…"

ती उठली. खिडकीतून तळं दिसत होतं, आणि तळ्याच्या मध्यावर एक राखाडी होडी.

"थांब थांब. दिसतोय मला… एल्डन रे! अजून मध्यावरच आहे. एरवी पाच मिनिटांत पार होतो, दहा होऊन गेली… बंद नाही पडली, आवाज येतोय. हळू चाललाय. अगदी… अरे देवा. लॉवेल, पंधराचे दोन तृतीयांश किती?… दहा! त्याने मोटरीची वेगाची मूठ दोन तृतीयांशावर धरली आहे! स्वतःला पकडून द्यायला चाललाय, तेही नियमात!"

चाळीस वर्षं जमिनींची मोजणी केलेला माणूस. मोटर असल्या हिशेबाने चालत नाही, पण एल्डन चालत असे.

"…म्हणजे खरे साडेसहाच. आत्ता एक बदक त्याच्या पुढे गेलं. खोटं नाही सांगत, बदक गेलं!… तू सांगणार? उतारावर गाठून? नको. तू पडलास माझा भाऊ, त्याला वाटेल दोघं मिळून झाकताहेत. त्याला मीच सांगायला हवं… फोन कुठला, त्याचा फोन इथे पाकाच्या बाटलीला टेकून आहे. गाडीने वळसा घालायचा तर वीस मिनिटं… घंटा! फोन ठेवू नकोस हं."

तिने फोन व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी जेवणाच्या घंटेची दोरी ओढली. लग्नापासून ती घंटा दुपारी बारालाच वाजली होती. आत्ता आठाला पंधरा मिनिटं कमी होती.

"हॅलो? आहेस ना? ऐकू गेली तुला तिथपर्यंत?… उभा राहिला तो. घड्याळ बघतोय… वळला! लॉवेल, वळला!"

"आता? आता मी त्याच्याबरोबर जाणार. पट्टी मी वाचणार, चष्मा पुसून, मोठ्याने, आणि ओरव्हिल ऐकणार… तुझंही नाव घेणार, हो… कपांचं सांगायला सोपं आहे रे. मी बारा वर्षं त्याला काय समजत होते, ते कसं सांगू?… नाही, तेही सांगेन. आज खरं बोलायला लागलेच आहे."

वांडा पायऱ्या उतरू लागली, एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत.

"माहीत आहे, दोघं बसलो की नाक बसणार नाही. शेवटचेच येऊ… भोंगा तुझ्या हातात आहे ना? मग! बारा वर्षं खोटं बोललास, आता पाच-दहा मिनिटं घड्याळाकडे बघू नकोस… तराजूवर तू बस. आणि कोबी तीन चीर, बारीक… खरखर येतेय, मी धक्क्यावर आलेय… अरे, गुडघ्यांचं काय, दुखतील आणि काय… एल्डन! मोटर बंद कर आधी!… तुला नाही रे, लॉवेल… एल्डन, ऐक, ती नऊ-नऊचीच आहे! नऊ-नऊची!… मी सांगते म्हणजे असणारच ना? हात दे. आणि ती कपांची बादली उचल पुढच्या फळीवरून, तिथे मी ब—"

घरच्या त्या बिनतारी फोनचा पल्ला धक्क्याच्या चौथ्या फळीपर्यंत होता. वांडा सहावी ओलांडून गेली होती.