पुतळ्याची परवानगी

हसू नका, आमच्या पनवेलच्या नर्सिंग कॉलेजात हे खरंच घडलंय. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. रबरी पुतळ्याला पेशंट समजून त्याच्याशी बोलायचं, मग इंजेक्शन द्यायचं. उरणच्या सुनंदाची पाळी आली आणि परीक्षक मॅडमना गंमत सुचली. पुतळ्याच्या वतीने त्याच म्हणाल्या, "मला सुई नको!"

सुनंदाने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "नको तर नाय देत, काका."

"अगं, मग मी मार्क कशाचे देऊ?"

तिने भिंतीवर रंगवलेल्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांकडे बोट दाखवलं. पहिलंच होतं: विद्यार्थिनी रुग्णाच्या इच्छेचा मान राखेल.

मॅडमनी ते वाचलं. मग पुन्हा पुतळा होऊन म्हणाल्या, "दे बाई एकदाची!"

सुनंदा पुतळ्याकडे वळली. "आता कसं शाण्यासारखं बोललात, काका!"