भिंतीपलीकडचा फोन

नांदेडला घरी ब्रॉडबँड घेतलं, पण रोज सकाळी अकराला नेट गायब! नेमका तेव्हाच माझा ऑनलाइन क्लास. मी वैतागून लाइनमनला बोलावलं.

तो म्हणाला, "प्रत्येक फोनला फिल्टर लागतो, नाहीतर फोन उचलला की नेट तुटतं. लाइनवर तिसरा फोन हाय तुमच्या."

बाबा भडकले, "दोनच हायेत!"

वायर धरून गेलो, तर ती भिंतीतून शेजारच्या काकांकडं गेलेली. पूर्वी त्यांना फोन मिळत नव्हता, तेव्हा बाबांनीच आमच्या लाइनवरून एक्स्टेंशन दिलेलं. पुढं गच्चीच्या पाण्यावरून भांडण झालं अन् आठ वर्षं बोलणं बंद.

लाइनमननं पक्कड काढली. "तोडू का?"

बाबांनी त्याचा हात अडवला. मग म्हणाले, "नको. अकराला शेजारच्या वहिनी मुरुडच्या लेकीशी बोलतात, भिंतीतून ऐकू येतं. तिकडं बी एक फिल्टर बसवून द्या."